परकराची किनार: न्यू इंग्लंडमधलं क्रूएल भरतकाम, दिवसागणिक

अमेरिकेतलं वसाहतकाळातलं लोकरी भरतकाम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पलंगाचे पडदे येतात. ते सहज बघायला मिळतात, फोटोही त्यांचेच फिरतात. हा प्रवास मात्र मुख्यतः कपड्यांवरच्या कामासाठी आखला आहे: परकराची भरलेली किनार आणि कमरेला नाडीने बांधायचा सुटा खिसा. साधारण 1720 ते 1780 या काळातलं काम, आणि वाट न्यू इंग्लंडमधून, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकातून, बॉस्टन, यॉर्क, डीअरफील्ड, हार्टफर्ड आणि शेवटी डेलावेअरमधलं विंटरथर अशी.

निघण्याआधी थोडं. क्रूएल म्हणजे विंचरलेल्या लांब धाग्याच्या लोकरीचं दुपदरी, हलक्या पिळाचं सूत. ते लिननवर किंवा फस्टियनवर भरतात. फस्टियन म्हणजे उभा धागा लिननचा, आडवा कापसाचा, वीण ट्विलची, म्हणजे तिरप्या रेघांची. परकर तेव्हा आत झाकायचा कपडा नव्हता. वरचा झगा पुढून उघडा असे आणि त्यातून परकर दिसे, म्हणून सजावट त्यावर.

जुनी लोकर-लिनन उजेडात फार काळ ठेवता येत नाही, त्यामुळे संग्रहालयं हे कपडे काही महिने मांडतात आणि परत पेटीत ठेवतात. संकेतस्थळावर वस्तू दिसते म्हणजे दालनात दिसेल असं नाही. प्रत्येक ठिकाणच्या ऑनलाइन सूचीतून वस्तूचा नोंदणी क्रमांक काढा, दीड-दोन महिने आधी ईमेल करा आणि नेमकं काय बघायचंय ते लिहा. ‘भरतकाम दाखवा’ असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. ‘टाक्याची मागची बाजू बघायची आहे, अस्तर नसलेला तुकडा चालेल’ असं लिहिलं तर काम होण्याची शक्यता वाढते. सुट्टीचे वार प्रत्येकाचे वेगळे आहेत, ते आधी जुळवून घ्या. सोबत पेन्सिल, मोजपट्टी आणि जवळचं दाखवणारी छोटी एकडोळी दुर्बीण असावी, अर्ध्या मीटरवर फोकस होणारी. काचेबाहेरून टाका बघायला भिंगापेक्षा तीच कामाची.

पहिला दिवस: बॉस्टन

म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला जायला ग्रीन लाइनची ‘ई’ शाखा पकडा, स्थानकाचं नाव संग्रहालयाचंच आहे. अमेरिकी कलेची नवी इमारत 2010 मध्ये उघडली. तिथे खालून वर जाताना काळ पुढे सरकतो, तेव्हा अठराव्या शतकापासून सुरुवात करा.

आधी जे क्रूएल नाही ते बघून घ्यावं. हॅना ओटिसने 1750 च्या सुमारास भरलेलं ‘बॉस्टन कॉमनचं दृश्य’ इथे आहे. लोकर आहे, झाडं-घरं-घोडे आहेत, म्हणून पुष्कळजण त्याला क्रूएल समजतात. ते कॅन्व्हासवरचं मोजून भरलेलं काम आहे: जाळीदार कापडाचे धागे मोजायचे आणि सगळी जमीन झाकून टाकायची. क्रूएलमध्ये धागे मोजत नाहीत. आखलेल्या रेषेवर मुक्त हाताने भरतात आणि कापड मोकळं दिसतं. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की पुढच्या दालनांत घोटाळा होत नाही.

परकराच्या किनारींचे तुकडे या संग्रहात चांगले आहेत. अख्खा परकर क्वचित आणि पट्टीच जास्त, याचं कारण वापरात आहे. परकराचा घेर साधारण तीन यार्ड, म्हणजे तीन पन्ने जोडलेले. वर चुण्या आणि दोन्ही बाजूंना हात आत घालायला फटी. जमिनीवर घासून तळाची कड झिजायची, कंबरेजवळ कापड विरायचं, पण भरलेली सात ते बारा इंचांची पट्टी शाबूत राहायची. इतक्या महिन्यांची मेहनत फेकायची कशी? मग ती कापून दुसऱ्या परकराला लावायची, नाहीतर पलंगाची झालर करायची. संग्रहालयात आलेल्या पट्ट्यांवर अशा जोडण्या शोधा. हरणाचं मागचं अंग एका पन्न्यात आणि डोकं भलत्याच उंचीवर दिसलं तर तिथे नंतर कात्री चालली आहे.

किनार तळालाच का? कंबरेजवळ चुण्यांमध्ये नक्षी दडते आणि लोकरीच्या जाडीने चुण्या बसतही नाहीत. पुढच्या मध्यभागावर एप्रन येतो. उरतो तो तळाचा पट्टा, चालताना दिसणारा. म्हणून नक्षीही आडवी पळणारी: टेकड्यांची ओळ, त्यांवर झाडं, मध्ये हरणं, मेंढ्या, पक्षी, एखादं घर. ‘बॉस्टन गॅझेट’मध्ये 1749 साली चोरीची एक जाहिरात आली होती. क्रॉस स्ट्रीटवरच्या एका सुताराच्या अंगणातून फस्टियनचा परकर चोरीला गेला, त्याच्या भरलेल्या मोठ्या किनारीवर हरणं, मेंढ्या, घरं, रान आहे, असं वर्णन त्यात दिलंय. चोरी ओळखायला किनारीचंच वर्णन पुरेसं होतं, कारण दोन बायकांच्या किनारी सहसा सारख्या नसत.

दुपारी नॉर्थ एंडला चालत जा. क्रॉस स्ट्रीट अजून आहे, सुताराचं अंगण अर्थातच नाही. 1738 मध्ये श्रीमती काँडी यांनी जाहिरात दिली होती: नक्षी लंडनची, पण इथे आखलेली आणि इंग्लंडहून आखून आणण्यापेक्षा स्वस्त. शिवाय सर्व प्रकारचं क्रूएल आणि लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या सुया. दुकान ‘ओल्ड नॉर्थ मीटिंग हाऊस’जवळ. लोक इथे सेलम स्ट्रीटवरच्या ओल्ड नॉर्थ चर्चला जाऊन फोटो काढतात. ती इमारत वेगळी. मीटिंग हाऊस नॉर्थ स्क्वेअरमध्ये, पॉल रिव्हिअरच्या घरासमोरच्या चौकात होतं, आणि स्वातंत्र्ययुद्धात, 1776 च्या आरंभी, बॉस्टनच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश सैन्याने ते सरपणासाठी पाडलं.

या जाहिरातीमुळे एक गोड समज मोडतो. वसाहतीतली प्रत्येक बाई स्वतःच मेंढी कातरून, सूत काढून, रंगवून भरत होती, असं फलकांवरही सुचवलेलं असतं. काही घरांत ते होत होतं. पण बॉस्टनमध्ये पैसे असतील तर आखलेलं कापड, रंगीत लोकर आणि सुई, तिन्ही विकत मिळत होतं. न्यू इंग्लंडात वसलेले कडक धार्मिक प्युरिटन अगदी साधं राहत, ही प्रतिमाही अर्धीच खरी. 1634 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जनरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाने, भरलेल्या टोप्या आणि गळपट्ट्या करायला-घालायला बंदी घातली. कोणी घालत नसतं तर बंदी कशाला लागली असती?

दुसरा दिवस: यॉर्क, मेन

बॉस्टनहून आय-95 ने उत्तरेला सव्वा-दीड तास. न्यू हॅम्पशायरमध्ये हॅम्प्टनला टोल आहे. यॉर्कमधली जुनी घरं आणि तुरुंग थंडीत बंद असतात, तेव्हा हा टप्पा उन्हाळा ते ऑक्टोबर यातच बसवा.

इथे बघायचं ते मेरी बुलमनचं काम, 1745 च्या सुमाराचं. कपडे नाहीत, पलंगाचे पडदे आहेत, पण वसाहतकाळातला अमेरिकी क्रूएल पडद्यांचा पूर्ण टिकलेला संच हाच. तिचा नवरा डॉक्टर होता, कॅनडातल्या लुइसबर्ग या फ्रेंच किल्ल्यावरच्या मोहिमेवर गेला आणि 1745 मध्ये तिथेच वारला. झालरीवर इंग्रज कवी आयझॅक वॉट्सच्या कवितेच्या ओळी भरल्या आहेत. निघण्यापूर्वी फोन करून पडदे मांडलेले आहेत ना हे विचारा.

परकरासाठी आलेल्याने यात बघायची गोष्ट म्हणजे टाक्याची लांबी. पडद्यावर लांब टाका चालतो, तो कशाला अडकत नाही. कपड्यावर पाऊण इंचाच्या वरचा मोकळा टाका खुर्चीच्या खिळ्यात, काट्यात, अंगठीत अडकतो आणि ओढला गेला की शेजारचे चार-पाच टाके आवळून कापड गोळा करतो. म्हणून एकाच आकाराचं पान पडद्यावर सलग भरलेलं आणि किनारीवर शिरेपाशी दोन भागांत तोडलेलं दिसेल.

तास-दीड तासात काम होतं. दुपारी निघालं की अडीचेक तासांत डीअरफील्ड.

तिसरा दिवस: डीअरफील्ड

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला, कनेटिकट नदीच्या खोऱ्यातलं हे गाव म्हणजे सुमारे मैलभराचा एक रस्ता आणि दुतर्फा जुनी घरं. जेवणाची सोय गावात मोजकीच. शाकाहारी असाल तर उत्तरेला ग्रीनफील्ड जवळ, किंवा दक्षिणेला अर्ध्या तासावर नॉर्थॅम्प्टन.

फ्लिंट सेंटरमधलं कापडांचं दालन या पूर्ण वाटेवरचं सर्वांत उपयोगी ठिकाण आहे. सकाळी उघडताच जा. उजेड फार मंद असतो, साधारण 50 लक्स, बाहेरच्या उन्हातून आल्यावर पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही. शांतपणे बसून राहावं, डोळे सरावतात. फोनचा टॉर्च लावू नका.

खिशांपासून सुरुवात करा. आकार पेरूच्या फोडीसारखा, वर निमुळता, खाली रुंद. लांबी 13 ते 16 इंच, तळाशी रुंदी 9 ते 11. पुढच्या बाजूला मधोमध वरून खाली सहा-सात इंचांची फट. एक किंवा दोन खिसे एका नाडीवर ओवून परकराखाली कमरेला बांधायचे आणि परकराच्या बाजूच्या फटीतून हात आत घालायचा. म्हणजे भरलेली बाजू दिसायचीच नाही. तरी इतकं भरत का, हे विचारलं जातं. मुलीला टाके शिकवायला हा आकार अगदी योग्य होता, एवढंच म्हणता येईल. लहान, सपाट, महिन्या-दोन महिन्यांत पुरा होणारा.

फटीच्या खालच्या टोकाकडे दुर्बीण लावा. हात घालताना ताण तिथेच येतो. नीट बांधलेल्या खिशात तिथे आडवा टाका घालून वर काज टाका घेतलेला असतो. जिथे तो नाही तिथे कापड खाली फाटलेलं आणि नंतर ठिगळ लावलेलं दिसतं. कडांना बाहेरून नाडीपट्टी दुमडून शिवलेली असते आणि मागचं कापड पुढच्यापेक्षा जाडंभरडं असतं.

आता रंग. निळी पानं बघून ‘त्यांना निळी पानं आवडायची’ असं म्हणू नका. हिरवा एका कुंडीत होत नव्हता. आधी तुरटीत शिजवून पिवळा, मग निळीच्या कुंडीत बुडवून हिरवा. वनस्पतीचा पिवळा उजेडात उडतो, नीळ टिकते, म्हणून अडीचशे वर्षांनी पानं निळी उरली आहेत. टाका जिथे कापडात शिरतो त्या कोपऱ्यात, किंवा दोन टाक्यांच्या फटीत, हिरवट झाक सापडते. ती सापडली तर पान मूळचं हिरवं. अजिबात नसेल आणि फिकट ते गडद अशा निळ्याच्या तीन-चार छटा शिस्तीने लावलेल्या असतील, तर काम मुळातच एकरंगी निळं. लाल मंजिष्ठेचा असेल तर विटकरी होऊन टिकतो, कोचिनियल या किड्याचा किंचित निळसर गुलाबी दिसतो.

तपकिरी आणि काळ्याची गोष्ट वेगळी. त्या छटा गडद करायला हिराकस वापरत. त्यातलं लोह हळूहळू लोकर खातं. फुलाच्या देठाची कड किंवा पक्ष्याचा डोळा नेमका झडलेला आणि बाकी सगळं ठणठणीत, असं दिसलं की कसर लागली असं समजू नये. कसर रंग बघून खात नाही, ती वेड्यावाकड्या वाटेने खाते. एकाच रंगाचे टाके सगळीकडे गेले असतील तर दोष रंगाचा. त्या झडलेल्या जागी बहुतेकदा शाईची बारीक रेघ उघडी पडलेली असते, मूळ आखणीची. हिराकस आणि मायफळाची शाई तीच, आणि तीही कापड खाते.

दुपारी मेमोरियल हॉल म्युझियम. ते 1880 मध्ये उघडलं. त्यातली जुनी निळी भरतकामं बघून मार्गारेट व्हायटिंग आणि एलन मिलर यांनी 1896 मध्ये ‘डीअरफील्ड सोसायटी ऑफ ब्लू अँड व्हाइट नीडलवर्क’ सुरू केली, ती 1926 पर्यंत चालली. त्यांनी जुन्या नक्षी उतरवून घेतल्या, पण धागा लोकरीचा न घेता लिननचा घेतला, कारण मूळ लोकर कसरीने खाल्लेली त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यामुळे त्यांचं काम सपाट, चकचकीत दिसतं. जुनी लोकर फुगीर आणि निस्तेज. खूण म्हणून कोपऱ्यात चरख्याच्या चाकात ‘डी’ हे अक्षर. ही खूण असलेला तुकडा अठराव्या शतकाचा म्हणून कोणी विकायला काढला तर पुढे चालू लागा.

चौथा दिवस: डीअरफील्ड, सुईसह

या दिवशी दालनांत कमी आणि भरतकामाच्या चौकटीशी जास्त बसावं. बघितलेला टाका त्याच दिवशी घालून बघितला नाही तर घरी जाऊन भलताच घातला जातो.

सामान असं. ट्विल विणीचं घट्ट लिनन, खिशाच्या पुढच्या भागासाठी 18 बाय 22 इंच. आकार कापायचा नाही, चौकोनावर भरायचं आणि मग कापायचं. आधी कापलं तर तिरक्या कडा ताणून खिसा एका बाजूला लोंबतो. लोकर म्हणून इंग्लंडची अ‍ॅपलटन दुपदरी चालते, 25 मीटरची लड. निळ्याच्या दोन छटा, विटकरी लालाच्या दोन, मळकट पिवळा, तपकिरी, प्रत्येकी एक लड. हिरव्याच्या दोन. सुई टोकदार आणि मोठ्या नेढ्याची, शनील 22 किंवा 24. सुई बारीक घेतली तर भोक लहान पडतं, लोकर त्यातून घासून जाते आणि दहाव्या टाक्याला दोरा अर्धा होतो. दोरा 16 ते 18 इंचच घ्या. लोकरीला लव असते: दोरा बोटांतून दोन्ही दिशांनी ओढून बघा, ज्या दिशेने गुळगुळीत लागेल त्या दिशेने कापडात शिरला पाहिजे.

नक्षी उतरवायची रीत आपल्याकडे साडीवर खाका छापतात तीच. कागदावर रेषेवरून दीड-दोन मिलिमीटरवर भोकं, उलट्या बाजूने सँडपेपरचा हलका हात, मग कोळशाची पूड कापडाच्या गुंडाळीने चोळायची. फरक एवढाच की इथे रॉकेल नाही. पूड फुंकून टाका आणि ठिपके बारीक कुंचल्याने पाणरंगात जोडा. गरमीने पुसल्या जाणाऱ्या पेनांनी आखू नका. इस्त्रीने रेघ जाते खरी, पण कडाक्याच्या थंडीत परत उमटते, आणि न्यू इंग्लंडच्या जानेवारीत ती थंडी मिळते.

कड दांडी टाक्याने. टाका सव्वा-तीन मिलिमीटरचा, वळणावर दोनचा. दोरा कायम सुईच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. एका बाजूला ठेवला तर लोकरीचा पीळ आवळत जातो, दुसऱ्या बाजूला उकलत जातो. दहा टाके दोन्ही रीतींनी घालून बघा आणि ज्यात रेघ दोरीसारखी उभी राहते ती रीत धरा.

आता टेकडी, कारण किनारीची जमीन तिच्यावर उभी असते. चार इंच रुंद, दीड इंच उंच कमान आखा आणि आत समांतर दोन कमानी, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या इंचाचे तीन पट्टे. भरायचा टाका न्यू इंग्लंड लेड स्टिच. पट्ट्याच्या एका कडेवर सुई वर काढा, समोरच्या कडेवर खाली घाला. त्याच कडेपासून किंचित आत परत वर या, आडव्या पडलेल्या दोऱ्यावरून तिरकं जा आणि पहिल्या कडेच्या किंचित आत खाली घाला. मग पहिल्या कडेवर, पहिल्या टाक्याला लागून, पुन्हा वर. समोर एक लांब दोरा आणि त्याला धरून ठेवणारा लांब तिरपा दोरा. मागे बघितलं तर दोन कडांना बारीक ठिपक्यांच्या दोन ओळी, बाकी कोरं कापड.

हा उलटा भाग या सगळ्या कामाची गुरुकिल्ली आहे. भरीव टाक्यात जितकी लोकर पुढे दिसते तितकीच मागे जाते. लोकर विकतची, ती वाचवायला हा टाका आला असं सगळीकडे सांगतात. ते खरं असेल, पण आमच्या मते अर्धंच. तीन यार्डांच्या घेराला खाली दहा इंच दोन्ही बाजूंनी लोकर चढवली तर किनार पुठ्ठ्यासारखी ताठ होते, परकर पडत नाही, पायांना आपटतो. मागे लोकर नसली आणि नक्षीत मोकळी जागा असली की कापड कापडासारखं वळतं. इंग्लंडच्या जड पडद्यांशी तुलना करून या कामाला ‘साधं, गरिबीचं’ म्हणतात, तेव्हा ते अंगावर घालायचं होतं हे विसरलेलं असतं.

चुका कुठे होतात? तिरपा दोरा आखूड घेतला आणि दर वेळी मध्यावरच बांधला तर पट्ट्याच्या मधून उंचवटा धावतो, आणि मागे लोकरही जास्त जाते. तिरपा लांबच हवा. दोरा ओढून बसवला तर पट्टा आत खेचला जाऊन कापडाला सुरकुत्या पडतात. लोकर कापडावर नुसती टेकली पाहिजे. कमानीवर बाहेरची कड आतल्यापेक्षा लांब असते, म्हणून बाहेर टाके किंचित विरळ आणि आत खेटून. हे सांभाळलं नाही तर शेवटचे टाके आडवे लोळतात. शेवटी मधोमध जाड गाठी घालून बेरी करण्याचा मोह होतो. खिशावर ठीक, पण परकराच्या अगदी तळाशी गाठी घालू नयेत, त्याच आधी घासतात.

भरून झाल्यावर ओल्या पांढऱ्या टॉवेलवर उलटं पसरून टाचण्यांनी ताणा आणि आपोआप वाळू द्या. इस्त्री फिरवली की लोकर दबते आणि परत उठत नाही.

पाचवा दिवस: हार्टफर्ड आणि वेदर्सफील्ड

आय-91 ने दक्षिणेला तासाभरात हार्टफर्ड. पूर्वीच्या कनेटिकट हिस्टॉरिकल सोसायटीचं नाव 2023 पासून ‘कनेटिकट म्युझियम ऑफ कल्चर अँड हिस्टरी’ आहे, जुन्या नावाने शोधलं तर गोंधळ होतो. सुईकामाचा संग्रह मोठा, दालनात मात्र थोडा. इथे अभ्यासकक्षाची वेळ आधी घेतली नसेल तर हा दिवस गाळला तरी चालेल.

वेळ मिळाली असेल तर कातलेल्या लोकरीकडे लक्ष द्या. विंचरलेल्या लांब धाग्याचं सूत गुळगुळीत असतं, पिंजलेल्या आखूड धाग्याचं केसाळ. घरच्या मेंढ्यांच्या पिंजलेल्या लोकरीने बारीक रेघ येत नाही, पक्ष्याची चोच फुगते. 1699 च्या इंग्रजी कायद्याने वसाहतींना आपली लोकर आणि लोकरी माल वसाहतीबाहेर पाठवायला मनाई होती, त्यामुळे घरची लोकर घरातच किंवा गावातच जिरायची. एकाच तुकड्यात चोच गुळगुळीत आणि टेकडी केसाळ दिसली तर बारीक कामाला विकतची आणि भरावाला घरची, असा हिशेब लावता येतो. पक्का पुरावा नव्हे, पण बघायची सवय चांगली.

वेदर्सफील्ड दक्षिणेला लागूनच. वेब-डीन-स्टीव्हन्स संग्रहालयातली घरं बघायला दोन तास पुरतात. 1781 च्या मे महिन्यात वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो यांची भेट तिथल्याच वेब हाऊसमध्ये झाली, आणि मार्गदर्शक त्यावरच रमतात. खोल्यांतल्या खुर्च्यांवरची, पलंगावरची कापडं जुनी की नवी विणलेली हे मुद्दाम विचारा.

सहावा दिवस: विंटरथर, डेलावेअर

हार्टफर्डहून गाडीने चार तास, न्यूयॉर्कची गर्दी टळली तर. त्यापेक्षा रेल्वेने, न्यू हेवनला गाडी बदलून, अ‍ॅमट्रॅकने विल्मिंग्टन बरं, तिथून रूट 52 ने सहा मैल. न्यू जर्सीत एडिसन-परिसरात कोणी नातेवाईक असतील तर आदल्या रात्री त्यांच्याकडे उतरा, तिथून सकाळी दीड-दोन तासांत पोचता येतं.

हेन्री फ्रान्सिस द्यू पाँ यांचं हे घर 1951 मध्ये संग्रहालय झालं. खोल्या 175, पण तिकिटावर मोजक्याच दिसतात. तिकीट काढताना कापडांसाठी आलोय असं सांगितलं की कोणती फेरी घ्यायची ते सुचवतात.

इथे क्रूएल आणि भारतीय चिंट्झ, म्हणजे नक्षी रंगवलेलं सुती कापड, शेजारी-शेजारी बघायला मिळतात, आणि त्यासाठी येणं सार्थ होतं. कोरोमंडल किनाऱ्यावरची रंगवलेली सुती पलंगपोसं इंग्लंडात गेली, तिथून नक्षीचे नमुने परत मछलीपट्टणकडे आले, तिथल्या कारागिरांनी ते आपल्या हाताने बदलले. टेकडीतून उगवणारं वळणदार झाड कोणी कोणाकडून घेतलं हे सोडवण्यात अर्थ नाही. वसाहतींच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ठळक आहे. 1701 पासून इंग्लंडमध्ये छापील भारतीय सुती कापडावर बंदी आली, पुढे ती आणखी कडक झाली, पण तोच माल अमेरिकेत पाठवायला मुभा होती. म्हणजे लंडनच्या बाईला जे अंगावर घालता येत नव्हतं ते बॉस्टनची बाई उघडपणे घालत होती. किनार आखणाऱ्यांसमोर नमुना म्हणून इंग्रजी पडदाच होता असं धरून चालू नये, प्रत्यक्ष चिंट्झचा परकरही असू शकतो. रंगांची रीतही तशीच: तुरटीवर लाल, आणि नीळ. फुलाच्या पाकळीत बाहेरून आत फिकट होत जाणारे पट्टे चिंट्झमध्ये कुंचल्याने काढलेले दिसतील. मग क्रूएलच्या फुलाकडे वळा, तिथे तेच पट्टे तीन छटांच्या लोकरीने, कडेशी गडद आणि मध्याकडे फिकट.

जुना तुकडा विकत घ्यायचा विचार असेल तर इथल्या ग्रंथालयात वेळ घेऊन आधी फोटो चाळा. घेतलाच तर धुऊ नका. मंजिष्ठेचा लाल बरेचदा टिकतो, पण शेजारचा एखादा रंग सुटतो आणि लिननवर कायमचा डाग बसतो. झडलेली जागा नव्या लोकरीने भरू नका, मूळ आखणीची रेघ त्याखाली जाते. शंका असेल तर तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, कसरीची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड लोकरीवर हवेतलं पाणी बसतं, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पूर्ण दिवस जाऊ द्या.

परतीच्या सामानात चौकट मोडून काठ्या वेगळ्या ठेवा, कापड गुंडाळा, घडी घालू नका. भरलेली बाजू गुंडाळीच्या बाहेर यावी, आत नव्हे, म्हणजे लोकर चेंगरत नाही. अमेरिकेतल्या विमानतळांवर चार इंचांच्या आतल्या पात्याची कात्री हातसामानात चालते, तरी भारतापर्यंतच्या प्रवासात ती चेक-इनच्या बॅगेत टाकलेली बरी.